उरलेली नळी

डिझेलचं इंजिन साखळीला लटकत होतं आणि त्याच्याखाली माझा नवरा उताणा पडला होता. नुत्सूचे दोन बूट तेवढे गाडीच्या नाकाखालून बाहेर दिसत होते. कप्पीची साखळी माझ्या हातात. तळव्यांना घाम, बोटांना तेल, आणि वर शेडचं आढं करकरत होतं.

"सोड. हळू... अगं हळू! मारतीस का मला?"

"तू आधी भाईर ये."

"भाईर आलो तर बोल्ट कोण बसवंल? तुझा बा?"

एवढं बोलला आणि त्यानं जीभ चावली. माझ्या बापाचं नाव आमच्या घरात असं सहज काढत नाहीत. मी लहान होते तेव्हा तो गावाखालच्या उतारावर भरल्या घोडागाडीखाली गेला. आमच्या डोंगरात भरली गाडी खाली न्यायची तर मागं साखळीनं एक ओंडका बांधतात. तो माती खरवडत येतो आणि गाडीला ओढून धरतो. त्या दिवशी बापाला घाई होती. ओंडका कोण शोधत बसतो, म्हणाला. त्याला घरी आणलं तेव्हा मी दारात उभी होते. तेव्हापासून मला उताराची धास्ती, आणि नशीब असं की सासर मिळालं ते त्याच उताराच्या डोक्यावर.

आमचं घर पिंपं करणारांचं. हिवाळाभर माझे सासरे अव्राम आणि नुत्सू देवदाराच्या फळ्या तासतात, कडी ठोकतात. उन्हाळा सरता सरता, आलुबुखार पिकायच्या आत, पिंपं खाली मैदानात न्यायची. फळं पडायला लागली की तिथल्या लोकांना ती दारूसाठी आंबवायला पिंपं लागतात. उशीर झाला तर ते दुसऱ्याकडून घेतात आणि आमची वर्षाची मेहनत शेडमध्ये वाळून फुटते. यंदा गवत वाहताना गाडीचं पेट्रोलचं इंजिन फुटलं. गाडी जुनी, लांब पाठीची स्टेशन वॅगन. तिच्या पोटात आणि टपावर मिळून सगळी पिंपं एका खेपेत जातात. शिवाय यंदा आमची लेक इलिनाही खाली जायची होती. गावची शाळा बंद झाली, तिला नुत्सूच्या बहिणीकडे ठेवून तिथल्या शाळेत घालायचं ठरलं होतं.

नुत्सूनं डिझेलचं इंजिन आणलं ते एका व्हॅनचं. व्हॅन दरीत पडली होती हे मला इंजिन शेडमध्ये आल्यावर कळलं.

"इंजिनाला काय झालं न्हाई," तो म्हणाला. "माणसं बी वाचली."

"पडली कशानं?"

"मला काय ठाव? मी व्हतो का आत?"

देवाच्या आईचा, मारियाचा सण झाल्यापासून बापलेक त्या इंजिनाशी झुंजत होते. ते जुन्यापेक्षा जड. गाडीचं नाक खाली बसलं तर स्प्रिंगांखाली लोखंडी तुकडे घातले. उंच, म्हणून बॉनेट लागेना; नुत्सूनं बॉनेटला भोक पाडलं आणि सासऱ्यांनी त्यावर पिंपाचं झाकण बसवलं, अगदी कडीसकट. गिअरच्या दांड्याचा सांधा दोन गाड्यांच्या तुकड्यांतून जोडला. हातब्रेकची तार तर कित्येक वर्षांपूर्वीच तुटली होती. गाडी उभी केली की इलिनानं चाकाखाली दगड ठेवायचा, हे तिचं काम. ती ते मोठ्या मानानं करायची.

सगळं जोडून झालं आणि एक नळी उरली.

जाड, काळी रबराची नळी. पेडलच्या पुढं इंजिनाच्या बाजूला एक गोल काळा डबा असतो, त्यातून ती निघाली होती. पेट्रोलच्या इंजिनावर तिला बसायला जागा होती. या इंजिनावर नव्हती. दरीत पडताना इथला एक छोटा पंप मोडून गेला होता, त्या भोकावर नुत्सूनं पत्रा ठोकला होता.

"ही कशाची रं?" सासऱ्यांनी विचारलं.

"हवेची असंल. फुंकून बघितलं, तेल न्हाई का पाणी न्हाई."

"मग उघडी ठेवू नगं. उघडं तोंड म्हंजे गळती."

पिंपं करणाऱ्याला भोक दिसलं की राहवत नाही. नुत्सूनं देवदाराचा एक तुकडा घेतला, चाकूनं गोल तासला, नळीत फिरवून बघितला, पुन्हा तासला. दट्ट्या असा बसला की सासऱ्यांनी ओढून पाहिला तरी हलला नाही. दोघं एकमेकांकडे बघून हसले. बाप लेकाचं कौतुक करतो असं मी फार वेळा पाहिलेलं नाही. मला मात्र त्या नळीवरून नजर काढवेना. माझी आई शिवताना एखादा तुकडा उरला तर सगळं उसवून बघायची. पण मी बाई माणूस. इंजिनातलं मला काय कळतं, म्हणून तोंड मिटून उभी राहिले.

इंजिन सुरू झालं तेव्हा कोंबड्या कुंपणापलीकडं गेल्या. काळा धूर, आणि असा दणदणाट की खिडकीच्या काचा वाजल्या. दृष्ट लागू नये म्हणून सासरे तीनदा थुंकले आणि म्हणाले, "काय घाणेरडी गाडी! थू! कुणी फुकट बी घेणार न्हाई." इलिनाही कानांवर हात ठेवून थुंकली. नुत्सू हसत अंगणात दोन फेऱ्या मारून आला, आणि थांबताना मी त्याच्या मानेच्या शिरा बघितल्या. त्या ताठ झाल्या होत्या.

"ब्रेक जड हाय?" मी विचारलं.

"जरा. नवा बैल पयल्यांदा मान ताठच धरतो."

"ब्रेक तर जुनाच हाय की."

"अगं गाडी जड झाली. मुरंल हळूहळू."

तो हात धुवायला गेला तेव्हा मी आत बसून इंजिन चालू असतानाच पेडल दाबून पाहिलं. दगडावर पाय ठेवल्यासारखं. सगळा भार टाकला तेव्हा ते कुठं बोटभर गेलं. मी त्याला सांगितलं. त्यानं ओला हात माझ्या पाठीवर ठेवला. "तुझा पाय आन् माझा पाय एक हाय का रफिला?"

नाही ना. पण त्याच्याही मानेच्या शिरा ताठल्या होत्या, मला त्याचंच भ्या वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिंपं भरली. लहान पिंप मोठ्याच्या पोटात, त्याच्या पोटात अजून लहान. उरलेली टपावर दोरानं आवळली. इलिनाची पेटी माझ्या पायाशी. मी मक्याची घट्ट उकड आणि मेंढीचं चीज फडक्यात बांधून घेतलं.

सासरे शेडमागून आले. पाय ओढत, खांद्यावर साखळी. त्यांनी ती गाडीच्या मागच्या कडीपाशी ठेवली.

"हे काय?" नुत्सू म्हणाला.

"ओंडका पडलाय कुंपणापाशी. बांधून टाक."

"बाबा, ही घोडागाडी न्हाई."

"उतार तर तोच हाय."

"हिला चार चाकांना ब्रेक हायत! लोक हसत्याल मला. ओंडका म्हणं!"

"हसू देत," मी म्हणाले. "ओंडका बांध, न्हाईतर मी आन् पोर चालत येतो."

त्यानं माझ्याकडं बघितलं. तो रागावला होता, पण माझ्या बापाची गोष्ट त्यालाही ठाऊक होती. लाथ मारून त्यानं ओंडका गाडीमागं आणला आणि साखळी अडकवली. बांधताना एकदा मान वर करून बघितली नाही.

गावातून जायचं म्हणजे गाव्रिलाच्या दुकानावरून जायचं. सकाळच्या वेळी तिथं बाकावर चार माणसं असतातच. आमची गाडी आली: पुढं इंजिनावर पिंपाचं झाकण, टपावर पिंपं, मागं माती उडवत येणारा ओंडका, आणि ओंडक्यामागून रीतीप्रमाणं चालत येणारे माझे लंगडे सासरे.

"अरं बघा, गाडीला शेपूट फुटलं!" गाव्रिला ओरडला.

"नुत्सू, लगाम कुठं इसरलास?"

"हिला गवत घालतोस का डिझेल?"

"वहिनी, घोडं लाथ मारतं का ओ?"

मी पुढं बघत राहिले. नुत्सूचे कान लालभडक झाले होते. त्यानं काच वर करायला हात घातला, पण त्या दाराची काच वर होतच नाही.

कच्चा उतार आम्ही बैलाच्या चालीनं उतरलो. ओंडका मागं घरघरत होता, आणि तो आवाज माझ्या कानांना इतका गोड लागत होता की सांगता येत नाही. तरी नुत्सूचा पाय पेडलवरून उठत नव्हता. कपाळावरून घाम वाहत होता. सकाळचा गारवा होता आणि त्याचा सदरा भिजला होता.

लाकडी क्रूसापाशी सपाटी आहे. तिथून डांबरी सुरू होते. नुत्सूनं गाडी थांबवली, इलिनानं उडी मारून चाकाखाली दगड ठेवला आणि तो ओंडका सोडायला गेला.

"ऱ्हाऊ दे की," मी म्हणाले.

"डांबरावर ओढला तर रस्तेवाले दंड करतील. आन् पुरे झालं हसं."

"म्होरला उतार ह्याच्यापरीस मोठा हाय."

"डांबरी हाय. सगळ्या गाड्या जात्यात."

"नुत्सू, तुझा सदरा बघ. तुझा पाय बघ कसा थरथरतोय. तुला बी भ्या वाटतंय."

"मला कशाचं भ्या?" त्यानं साखळी काढून पाठीमागं फेकली. मग खालच्या आवाजात म्हणाला, "तू आत बस रफिला. बायकोच उतरून चालत गेली हे गावानं बघितलं तर मी ही गाडी पुन्हा कधी हाकणार न्हाई."

सासरे धापा टाकत पोचले. मी त्यांना म्हणाले, "बाबा, इलिनाला घेऊन तुम्ही चालत या. आमी खाली पुलापाशी थांबतो."

"मी गाडीत बसनार!" इलिना म्हणाली.

"न्हाई."

"का पन?"

"आजोबांना सोबत नगं का?"

ती रुसली. मी तिच्या डोक्याचा मुका घेतला. त्या घडीला मला पळून जावंसं वाटत होतं, खरं सांगते. पण मी आत बसले. तो एकटा खाली गेला आणि मी वर उभी राहून आवाज ऐकत बसले, हे मला झेपलं नसतं. एकदा तसं उभं राहून झालं होतं.

पहिल्या वळणापर्यंत ठीक गेलं. मग रस्ता सरळ खाली पडतो. गाडीनं पाठीवरून ढकलल्यासारखा वेग घेतला. नुत्सूनं पेडल दाबलं. गाडी जराशी दबली आणि पुन्हा निघाली. त्यानं खालच्या गिअरसाठी दांडा ओढला. खाली काहीतरी खटकन् वाजलं आणि दांडा त्याच्या हातात लुळा पडला, मेलेल्या कोंबडीच्या मानेसारखा.

"काय झालं?"

"सांधा सुटला."

"मग?"

त्यानं दोन्ही पाय पेडलवर ठेवले. स्टिअरिंग दोन्ही हातांत धरून सीटवरून ढुंगण उचललं आणि सगळं अंग त्या पेडलवर टाकलं. मागं पिंपं एकमेकांवर आपटू लागली. जळक्या रबराचा वास आला. डाव्या बाजूला कठडा नाही, खाली देवदारांचे शेंडे दिसतात. खालचं वळण मला दिसत होतं. तिथं एक छोटा पत्र्याचा क्रूस आहे. तो कुणाचा ते सगळ्यांना माहीत आहे. तो माझ्या बापाचा.

"रफिला, उडी मार."

"न्हाई!"

"उडी मार म्हणतो ना! उजवीकडं गवत हाय, मार उडी, पोरीला कोन..."

मी दार उघडलं होतं. ते खरंच उघडलं होतं. रस्ता खालून पळत होता. मग मी त्याच्या पायांकडं बघितलं. दोन बूट त्या एवढ्याशा पेडलवर एकमेकांवर चढले होते. मला कालचं आठवलं. सगळा भार टाकला तेव्हा बोटभर गेलं होतं. म्हणजे जातं. भार पाहिजे.

मी पेटीवर लाथ मारून ती बाजूला केली, सीटवरून घसरले, पाठ माझ्या दाराच्या खांबाला लावली आणि दोन्ही पाय त्याच्या पायांवर ठेवले.

"काय करतीस!"

"दाब!"

"अगं माझा पाय मोडंल..."

"मोडू दे! दाब!"

माझ्या टाचांखाली त्याच्या बुटात काहीतरी कट्कन् मोडल्याचं मला कळलं. तो गुरासारखा ओरडला. पण पेडल गेलं. बोटभर, मग अजून. चाकं किंचाळली. टपावरचं एक पिंप दोरातून सुटून आमच्या पुढं गेलं, रस्त्यावर उड्या मारत, आणि वळणावर न वळता सरळ हवेत गेलं. ते खाली पोचल्याचा आवाज बराच वेळ आला नाही. मी डोळे मिटले आणि देवाच्या आईला हाका मारल्या.

गाडी थांबली. डोळे उघडून बघते तर पत्र्याचा क्रूस माझ्या काचेसमोर होता.

नुत्सूनं किल्ली फिरवली. इंजिन बंद पडलं. कुठंतरी पाणी वाहत होतं तेवढं ऐकू येत होतं.

"आता?" मी म्हणाले.

"पाय काढू नगं," तो म्हणाला.

तेव्हा मला कळलं. हातब्रेक नाही. गिअर नाही. दगड ठेवायला कुणी नाही. पाय काढला की गाडी पुन्हा निघणार. आम्ही दोघं चार पायांनी ती गाडी धरून बसलो होतो. त्याचा चेहरा पिठासारखा पांढरा, माझ्या मांड्यांत पेटके येत होते. पुढच्या दोन्ही चाकांतून धूर निघत होता.

"लई दुखतंय का रं?"

"बोलू नगं. दाब."

मग तोच म्हणाला, "काल अंगणातच कळलं व्हतं मला. पेडल पयल्यावानी न्हाई म्हणून."

"मग?"

"म्हणलं, आपन बसवलंय. आपल्या हातचं कधी गळलं न्हाई."

मी रडायला लागले, पण पाय हलवले नाहीत. रडताना पाय स्थिर ठेवायला फार ताकद लागते.

वरून इलिनाची हाक आली. पिंप पडल्याचा आवाज तिनं ऐकला असणार. आरशात ती धावत येताना दिसली, वेण्या उडत होत्या. सासरे कितीतरी मागं, वळणावर, लंगडत. पोर येता येता थांबली, रस्त्याकडेचा एक मोठा दगड उचलला आणि छातीशी धरून पुन्हा धावली. ते तिचंच काम ना.

"इलिना! थांब!" मी किंचाळले. "गाडीम्होरं येऊ नगंस!"

"दगड ठिवते की आई."

"न्हाई! बाजूला हो! चढावर जा, गवतात!"

"पन तुमी दोघं आसं का बसलाय?"

"जा म्हणते ना!"

दगड चाकापुढं ठेवायचा, उताराच्या बाजूनं. म्हणजे ती आमच्या नाकासमोर वाकणार. माझा उजवा पाय तेव्हा लाकडासारखा बधिर झाला होता, तो दाबतोय का नाही हेच मला कळत नव्हतं. गाडी तसूभर पुढं सरकली. नुत्सू कण्हला आणि मी ओठ चावून दाबलं. तोंडात रक्ताची चव आली. पोर चढावर गवतात उभी होती, दगड पोटाशी धरून बघत होती.

सासरे यायला किती वेळ लागला ते मला विचारू नका. ते आले, त्यांनी एकदा आत बघितलं आणि समजले. त्यांनी इलिनाच्या हातातला दगड घेतला. गाडीसमोर न जाता बाजूनं वाकून, हात लांब करून तो चाकाखाली सारला आणि बुटानं ठोकून बसवला. मग दुसरा. मग दुसऱ्या बाजूला एक.

"काढा पाय," ते म्हणाले.

आम्ही काढले नाहीत.

त्यांनी इंजिनावरचं पिंपाचं झाकण उचललं आणि बराच वेळ आत बघत राहिले. त्या नळीवरून बोट फिरवत काळ्या डब्यापर्यंत गेले, डब्यावरून पेडलच्या दांड्यापर्यंत. मग पकडीनं ओढून तो दट्ट्या काढला. डब्याच्या आत हलकी फुस्स झाली. सासऱ्यांनी दट्ट्या तळहातावर धरून उलटासुलटा केला. कुठं फट नव्हती, कुठं ओल नव्हती.

"इंजिनाचं बळ ह्याच नळीतनं ब्रेकला मिळत व्हतं व्हय," ते हळूच म्हणाले. "आन् आपन तोंड बांधलं."

नुत्सूनं मान खाली घातली. त्याच्या बुटातून रक्त झिरपत होतं.

"रफिला, पाय काढ आता. दगड लावलेत."

"आधी तू काढ."

"तुझे वर हायत. तू काढल्याबिगर माझे कसे निघतील?"

मला ते कळत होतं. सासरे सांगत होते, नवरा सांगत होता, दगड मी डोळ्यांनी बघितले होते. पण माझे पाय माझं ऐकेनात. शेवटी इलिना गवतातून उतरली, माझ्या बाजूच्या दारापाशी आली आणि माझा घोटा दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "आई, मी बी बघितलेत गं दगड. घट्ट हायत." मग तिनं एक एक करून माझे पाय उचलले आणि खाली ठेवले.